“मंग कोणतं महाभारत, मॅडम?” : होमरच्या अभ्यासकांनी दाखवलेली वाट



आज विषय जरा लांबचा आहे. ग्रीकांचा होमर, आणि त्याच्या काव्यांचा अभ्यास विद्वान लोक कसा करत आले. पण सुरुवात आपल्या चिखल्यातूनच करते, कारण प्रश्न इथंच पडला.

आठवीच्या वर्गाला मी ‘महाभारतातील मला आवडलेला प्रसंग’ असा निबंध दिला होता. एका मुलीनं द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा प्रसंग घेतला. भाषा चांगली होती, अक्षरही नीट. त्यात तिनं लिहिलं होतं की, शिशुपालाला मारताना कृष्णाचं बोट कापलं, तेव्हा द्रौपदीनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून चिंधी बांधली. त्या चिंधीत जितके धागे होते तितकी लुगडी कृष्णानं पुढे भर सभेत पुरवली. मी त्या चार ओळींवर लाल पेनानं आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘हे महाभारतात नाही. ऐकीव गोष्टी लिहू नये.’ दहापैकी सहा गुण दिले.

ती वही घेऊन टेबलाशी आली. “मॅडम, माह्या आजीनं असंच सांगतलं.”

मी म्हटलं, “आजीची गोष्ट वेगळी, महाभारत वेगळं.”

“मंग कोणतं महाभारत, मॅडम?”

तिला उलट बोलायचं नव्हतं, खरंच विचारायचं होतं. आणि खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. मी तरी कुठलं महाभारत वाचलं होतं? लहानपणी गोष्टींचं एक पुस्तक, नंतर टीव्हीवरची रविवारची मालिका, आणि बी.एड.च्या काळात वाचलेलं ‘युगान्त’. या तिघांच्या जोरावर मी लाल रेघ मारली होती.

या मुलीची आजी छत्तीसगडकडची. आपल्या भागात हे नवीन नाही. मॅंगनीजच्या खाणीमुळे इथं दूरदूरची माणसं आली, राहिली. वर्गात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी अशी खिचडी असते. आजीनं माहेरी पंडवानी ऐकलेली. तिच्याकडे महाभारताचं पुस्तक नाही, कानांत मात्र महाभारत आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी या प्रश्नाच्या मागे लागले. शोधता शोधता पोचले ग्रीसला, कारण ‘गायलेलं महाकाव्य, मग त्याचं खरं रूप कोणतं?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त काळ आणि सगळ्यात चिवटपणे कुणी विचारला असेल, तर तो होमरच्या अभ्यासकांनी.

आधी होमरची ओळख

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. होमरच्या नावावर दोन महाकाव्यं आहेत. ‘इलियड’ हे ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धातल्या शेवटच्या काळातल्या काही आठवड्यांचं काव्य. अकिलीस नावाचा वीर सेनापतीवर रुसून बसतो आणि त्यातून पुढचा सगळा अनर्थ घडतो. ‘ओडिसी’ हे युद्ध संपल्यावर घरी परतायला दहा वर्षं लागलेल्या ओडिसिअसचं काव्य. पहिलं साधारण १५,७०० ओळींचं, दुसरं १२,१०० ओळींचं. अभ्यासक त्यांचा काळ बहुधा इ. स. पूर्व आठव्या–सातव्या शतकाच्या आसपास धरतात.

होमर कोण होता, हे कुणालाच माहीत नाही. एक होता की अनेक, आंधळा होता की नव्हता, मुळात होता की नव्हता, सगळ्यावर वाद आहेत. आपल्या व्यासांसारखंच. ‘व्यास’ हा शब्द आपण ‘रचना लावणारा’ अशा अर्थानंही समजून घेतो, तसंच.

रेघ मारली, पण ओळ ठेवली

इ. स. पूर्व तिसऱ्या आणि दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या मोठ्या ग्रंथालयात होमरच्या हस्तलिखितांचे ढीग जमा झाले. वेगवेगळ्या शहरांतून आलेल्या प्रती. एकीत ओळ आहे, दुसरीत नाही. एकीत शब्द वेगळा. तिथल्या पंडितांनी त्या प्रती शेजारी शेजारी ठेवून तपासायला सुरुवात केली. त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला ॲरिस्टार्कस. होमरचा अर्थ होमरच्याच इतर ओळींवरून लावायचा, ही पद्धत त्याच्या नावावर सांगतात.

या लोकांची एक गोष्ट मला फार आवडली. एखादी ओळ नंतर घुसवलेली वाटली, तर ते समासात एक छोटी आडवी रेघ काढायचे. ‘इथं मला शंका आहे’ एवढाच तिचा अर्थ. ओळ तशीच राहायची. पुढच्या वाचकाला पटलं नाही तर त्यानं स्वतः ठरवावं. माझी लाल रेघही आडवीच होती, पण ती ओळीवरून गेली होती.

आपल्याकडे हेच काम पैठणला झालं. ज्ञानेश्वरी लिहून जवळजवळ तीनशे वर्षं उलटली होती, नकला करता करता पाठ बिघडले होते. एकनाथ महाराजांनी जुन्या प्रती जमवून, ताडून, शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कुणी आपली ओवी मध्ये घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. ताकीद द्यावी लागली, याचा अर्थ लोक घालत होते! मुलांना ‘नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली’ हे एका ओळीत सांगून आपण पुढे जातो. तिथं दहा मिनिटं थांबून, प्रत म्हणजे काय, नक्कल करताना चुका कशा होतात, हे दाखवायला हवं. फळ्यावर एक परिच्छेद लिहून वीस मुलांकडून एकमेकांच्या वहीवरून नक्कल करून घ्या, विसाव्या वहीत काय उरतं ते बघा. हसून हसून वर्ग डोक्यावर घेतात, पण मुद्दा पोचतो.

एक कवी की अनेक?

मधली शतकं सोडून देते. १७९५ मध्ये फ्रीडरिश ऑगस्ट वोल्फ या जर्मन पंडितानं एक पुस्तक लिहिलं आणि युरोपात खळबळ उडाली. त्याचं म्हणणं असं की, होमरच्या काळात एवढं मोठं काव्य लिहून ठेवण्याची सोयच नव्हती. छोटी छोटी गीतं होती, गाणारे ती गात होते, पुढे कुणीतरी ती एकत्र जोडली.

मग पुढची शंभर वर्षं विद्वानांच्या दोन फळ्या. एक फळी काव्याचे थर सोलणारी: हा भाग जुना, हा नंतरचा, हा तिसऱ्याच कुणाचा. दुसरी फळी म्हणणार, एवढं बांधेसूद काव्य जोडकामातून होतंच कसं, एकच प्रतिभावान कवी असला पाहिजे.

हा वाद आपल्याकडेही जसाच्या तसा झाला. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी महाभारताच्या तीन पायऱ्या मांडल्या: आधी ‘जय’, मग ‘भारत’, मग ‘महाभारत’. आठ हजार आठशे श्लोक, मग चोवीस हजार, मग एक लाख. हे आकडे आपण आजही शाळेत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सांगतो. गंमत अशी की, त्यातला ८,८०० हा आकडा येतो गणपती लेखनिक झाल्याच्या गोष्टीतून, गणपतीला अडवायला व्यासांनी घातलेल्या अवघड श्लोकांची संख्या म्हणून. आणि ती गणपतीची गोष्टच मूळ पाठात बसत नाही, असं पुढे पुण्यात ठरलं. ते कसं, ते सांगते. पण आधी युगोस्लाव्हियाला जाऊन येऊ, कारण ‘ऐकीव’ या शब्दाचा माझा अर्थ तिथं बदलला.

गाणाऱ्यांकडे गेलेला प्राध्यापक

मिलमन पॅरी हा अमेरिकन तरुण. १९२८ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये होमरच्या विशेषणांवर प्रबंध सादर केला. होमर वाचणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट खटकते: तीच तीच विशेषणं. अकिलीस ‘चपळ पायांचा’, मग तो रुसून तंबूत बसलेला का असेना. जहाज ‘वेगवान’, मग ते काठावर ओढून ठेवलेलं का असेना. ‘गुलाबी बोटांची’ पहाट तर पुन्हा पुन्हा उगवते. जुने टीकाकार म्हणायचे, कवी डुलक्या घेत होता वाटतं.

पॅरीनं ही विशेषणं मोजली, वृत्तात मांडली. त्याच्या लक्षात आलं की, ओळीत ठरावीक जागा उरली की त्या मापाचं एकच विशेषण येतं. दुसऱ्या मापाची जागा असली की दुसरं. एकाच वीरासाठी एकाच मापाची दोन विशेषणं सहसा नाहीत. म्हणजे ही तयार ठोकळ्यांची पेटी आहे, एका माणसानं बनवली नसेल, गाणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी बनवली. गाताना विचार करायला वेळ नसतो, ओळ पडता कामा नये, म्हणून ही सोय.

आपल्याला हे समजायला ग्रीक यायची गरज नाही. गीता उघडा. अर्जुनाला कृष्ण किती नावांनी हाक मारतो? पार्थ, कौन्तेय, भारत, धनंजय, परंतप, महाबाहो, गुडाकेश. पार्थ दोन अक्षरी, कौन्तेय तीन, धनंजय चार. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरं. आता चरणात शेवटी किती अक्षरांची आणि कोणत्या लघु-गुरूची जागा उरली आहे, ते बघून नाव बसतं, असं कितीतरी ठिकाणी दिसेल. नववी-दहावीच्या मुलांना एक अध्याय देऊन नावं मोजायला सांगा, वृत्तही शिकवून होतं. अर्थात, गीतेच्या भाष्यकारांनी प्रत्येक संबोधनात खास अर्थ पाहिला आहे, आणि होमरच्या बाबतीतही पॅरीनंतरच्या अभ्यासकांनी म्हटलं आहे की, काही जागी तो ठोकळा अगदी जाणून बसवलेला वाटतो. मला स्वतःला दोन्ही पटतं. भजनात ठरलेली ओळ आली तरी चांगला गाणारा ती कधी कशी म्हणेल, सांगता येत नाही.

पॅरी पुस्तकावर थांबला नाही. १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियात गेला, कारण तिथं अजून लांबलचक वीरकथा गाणारे जिवंत होते. हातात गुस्ले नावाचं एकतारी वाद्य, समोर कॉफीच्या दुकानातले लोक. पॅरीनं ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर त्यांची गाणी मुद्रित केली. त्यातला अव्दो मेजेदोविच हा गायक लिहिता-वाचता न येणारा. त्यानं सांगितलेली एक कथा बारा हजारांवर ओळींची भरली. जवळजवळ ओडिसीएवढी.

अव्दोवर पॅरीनं एक प्रयोग केला. दुसऱ्या गायकाला एक कथा गायला लावली, जी अव्दोनं पूर्वी ऐकली नव्हती. मग अव्दोला विचारलं, तुला येईल? अव्दो गायला, आणि त्याची कथा मूळच्या जवळजवळ तिप्पट झाली. प्रसंग तेच, क्रम तोच, पण माणसं बोलू लागली, घोड्यांची, कपड्यांची वर्णनं आली.

दुसऱ्या एका गायकानं छातीठोकपणे सांगितलं होतं की, ऐकलेलं गाणं मी शब्दन् शब्द तसंच म्हणतो, वीस वर्षांनी विचाराल तरी तसंच. प्रत्यक्षात दोन मुद्रणं ताडली तर शब्द बरेच वेगळे होते. तो खोटं बोलत होता का? पॅरीचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड यानं यावर नीट विचार केला. त्याचं पुस्तक १९६० मध्ये आलं. त्याचं म्हणणं, ज्याला लिहिता-वाचता येतं त्याच्या डोक्यात ‘शब्द’ म्हणजे कागदावरचा शब्द. गाणाऱ्याच्या डोक्यात ‘तेच गाणं’ म्हणजे तीच कथा, तेच वळण, तोच मान. पाठांतर आणि रचना या त्याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत.

आपल्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी रं’ म्हणतात तेव्हा शाहिराला दम घ्यायला आणि पुढची ओळ जुळवायला वेळ मिळतो. पंडवानीत तर शेजारी बसलेला ‘रागी’ हुंकार देत असतो, प्रश्न विचारतो, कथा पुढे ढकलतो. आणि पंडवानीच्या दोन शाखा आहेत, हे मला या निमित्तानं कळलं. वेदमती शाखा सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईतल्या महाभारताला धरून चालते, झाडूराम देवांगन हे तिच्यातलं मोठं नाव. कापालिक शाखेत गायक आपल्या स्मृतीतून कथा फुलवतो, पद्मविभूषण तीजनबाई या शाखेच्या. पुस्तकाला धरून आणि पुस्तकाशिवाय, दोन्ही रीती एकाच कलेत शेजारी शेजारी.

महाराष्ट्रात असं काम कुणी केलं? जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर यांनी. त्यांनी वर्षानुवर्षं धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बिरोबा, धुळोबा यांच्या लांबलचक ओव्या ऐकल्या आणि मुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचं त्यांचं पुस्तक १९७६ मध्ये जर्मनमध्ये आलं. गुरं-मेंढरं राखणारा, शाळेत न गेलेला माणूस रात्रभर ओवी गातो, हे साहित्य आहे असं विद्यापीठानं मानायला एवढा वेळ लागला.

पुण्यातला प्रचंड उद्योग

आता मूळ प्रश्नावर येते. कोणतं महाभारत?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं याचं उत्तर शोधायचं ठरवलं. १९१९ मध्ये सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी पैसा दिला, चित्रंही काढली. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर यांनी सूत्रं घेतली. हे मूळचे गणिताचे, केंब्रिजला शिकलेले, मग बर्लिनला संस्कृतकडे वळलेले. काम पूर्ण झालं १९६६ मध्ये. सुखटणकरांनंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्य प्रमुख संपादक झाले. सगळी मिळून १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांतली.

पद्धत ऐका, आपल्या कामाची आहे. मोठ्या कागदावर चौकटी आखायच्या. वर श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. मग एकेक पोथी घेऊन अक्षराखाली अक्षर तपासायचं, फरक असेल तर त्याच चौकटीच्या खाली नोंदवायचा. श्लोकामागून श्लोक. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे साठ पोथ्या अशा ताडल्या. पुण्याबाहेर शांतिनिकेतनला आणि तंजावरलाही ही नोंदणी चालली होती.

मग निवड. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या एकमेकींपासून शेकडो वर्षं दूर वाढलेल्या. उत्तर आणि दक्षिण या दोन्हीकडच्या पोथ्या एखाद्या ओळीवर एकमत असतील, तर ती ओळ फुटाफूट होण्याआधीची, म्हणून जुनी. एकाच प्रांतातल्या पोथ्यांत असेल, तर बहुधा नंतरची. गणपती लेखनिक झाल्याची गोष्ट या चाळणीत टिकली नाही. पण सुखटणकरांनी ती फेकून दिली नाही. गळलेला प्रत्येक श्लोक पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात छापला आहे, कोणत्या पोथीत आहे त्या खुणेसकट. जिथं पाठ निश्चित नाही, तिथं शब्दाखाली नागमोडी रेघ दिली आहे. अलेक्झांड्रियाची आठवण झाली ना?

सुखटणकर युरोपची पद्धत शिकून आले होते, पण ती जशीच्या तशी त्यांनी लावली नाही. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या बाबतीत नकलांचा वंशवृक्ष काढत काढत एका मूळ प्रतीकडे जाता येतं असं मानत. महाभारताबाबत त्यांनी १९३३ च्या प्रस्तावनेत सांगून टाकलं की, ही कथा सतत सांगितली जात होती, लिहिणारे सुद्धा ऐकत होते, पोथ्या एकमेकींत मिसळल्या आहेत. म्हणून आपला पाठ म्हणजे वैशंपायनानं जनमेजयाला सांगितलेलं महाभारत असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागं जाता येईल तितकं जुनं रूप, एवढंच.

यावरही टीका झाली. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांचं म्हणणं होतं की, असा नवा पाठ जुळवण्यापेक्षा नीलकंठाचा प्रचलित पाठ छापा आणि खाली पाठभेद द्या, कारण लोकांनी वाचलं, ऐकलं ते तेच. हा नीलकंठ चतुर्धर म्हणजे सतराव्या शतकात काशीला राहून महाभारतावर टीका लिहिणारा आपला मराठी माणूस. हाच वाद होमरबाबत आजही चालू आहे. मार्टिन वेस्ट यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस इलियडचा एक निवडलेला पाठ सिद्ध केला. ग्रेगरी नॅगी आणि त्यांच्या बाजूचे अभ्यासक म्हणतात, गायलेल्या काव्याला एक मूळ असतंच कुठं, सगळी रूपं शेजारी शेजारी दाखवा.

माझं मत विचाराल तर, पुण्याचा पाठ नसता तर नॅगींसारखं बोलणं सोपं झालं नसतं. आधी कुणीतरी चौकटी आखून अक्षर अक्षर ताडलेलं असावं लागतं, तेव्हा कुठं ‘कुणाचं रूप कुठून आलं’ हे सांगता येतं.

मग द्रौपदीची लुगडी?

आता माझ्या लाल रेघेकडे. सभापर्वाचं संपादन अमेरिकेच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं. त्यांनी निवडलेल्या पाठात काय आहे? बोट कापल्याची, चिंधीची गोष्ट नाहीच. इथपर्यंत मी जिंकले असं वाटलं. पण पुढे वाचलं तर, द्रौपदीनं कृष्णाचा धावा केला, तेही या पाठात नाही! तो धावा तळटीपेत गेला आहे. मुख्य पाठात दुःशासन वस्त्र ओढतो आणि तसंच दुसरं वस्त्र प्रकट होत राहतं, एवढंच. कुणी दिलं, ते सांगितलेलं नाही.

म्हणजे मी वर्गात ज्याला ‘महाभारतात आहे’ म्हणून शिकवत होते, त्यावरही पुण्याच्या संपादकांनी शंकेची रेघ काढलेली. आणखी पुढे गुंतागुंत आहे. उद्योगपर्वात, त्याच चिकित्सित आवृत्तीत, कृष्ण म्हणतो की, मी दूर असताना द्रौपदीनं ‘गोविंद’ म्हणून हाक मारली, ते ऋण माझ्यावर वाढतच चाललं आहे. म्हणजे हाकेची आठवण जुन्या पाठातही आहे, प्रसंगाच्या जागी मात्र नाही. आणि ऋण हा शब्द बघा. आजीच्या गोष्टीत कृष्ण ऋणी आहे, चिंधीच्या धाग्यांचा. कुणीतरी कधीतरी विचारलं असेल, कृष्णावर एवढं ऋण कशाचं? आणि बायांनी सांगता सांगता उत्तर तयार केलं असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण अव्दोनं तिप्पट केलेल्या कथेत माणसं बोलू लागली होती, तेच हे.

इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’ लिहिताना याच चिकित्सित आवृत्तीचा आधार घेतला. म्हणूनच त्यांची द्रौपदी, गांधारी, कुंती इतक्या माणसांसारख्या दिसतात. चमत्काराचा मुलामा उतरला की माणूस उरतो. होमरबाबतही अलीकडे असं वाचन झालं. एमिली विल्सन यांनी २०१७ मध्ये ओडिसीचं इंग्रजी भाषांतर केलं. ओडिसिअस घरी परतल्यावर घरातल्या काही दासींना फाशी दिली जाते. आधीच्या काही भाषांतरकारांनी त्या मुलींना शिव्या घातल्या होत्या. विल्सन यांनी दाखवलं की, मूळ ग्रीकमध्ये त्या शिव्या नाहीत, भाषांतरकारांनी घातल्या. घुसडलेल्या ओळी फक्त जुन्या काळीच येत नाहीत!

सुखटणकरांचंही एक राहून गेलं होतं. १९४३ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात ते महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानं देत होते. आयुष्यभर अक्षरं ताडल्यावर आता अर्थाकडे वळले होते. चौथं व्याख्यान व्हायच्या आधी, २१ जानेवारीला ते गेले. ती व्याख्यानं १९५७ मध्ये पुस्तकरूपानं आली. त्यात ते थर सोलणाऱ्या पंडितांवर नाराज दिसतात. सोलत बसलात तर हातात काय येणार, आज आपल्यापुढे आहे त्या ग्रंथाला काय म्हणायचंय ते ऐका, असा त्यांचा रोख. पाठातली घुसवाघुसवी ज्यानं सगळ्यात जास्त पाहिली, त्यानंच हे म्हणावं, हे मला विशेष वाटतं.

वर्गात काय केलं

जून उजाडल्यावर ती मुलगी नववीत गेली होती. मी तिला बोलावून जुनी वही मागितली. लाल रेघ पुसता येत नाही. बाजूला निळ्या पेनानं लिहिलं: ‘ही कथा लोकपरंपरेत आहे. चिकित्सित आवृत्तीत नाही. स्रोत : आजी, छत्तीसगढी.’ गुण आठ केले. दोन गुण शुद्धलेखनाचे गेले, ते मात्र दिले नाहीत.

मग आजीच्या परवानगीनं मुलीनं मोबाइलवर तीच गोष्ट मुद्रित करून आणली. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. दोन्ही आम्ही वर्गात ऐकल्या आणि चौकटी आखून ताडल्या, पुण्यासारख्या, फक्त अक्षरांऐवजी प्रसंगांच्या. पहिल्या वेळी सहा मिनिटं, दुसऱ्या वेळी अकरा. पहिल्यात चिंधी पदराची, दुसऱ्यात रेशमी लुगड्याची. पहिल्यात भीष्म गप्प, दुसऱ्यात भीष्म रडतो. ‘लाज नाही आली का सभेला’ हे वाक्य मात्र दोन्हीत, त्याच जागी, त्याच सुरात. मुलांनी ते बरोबर पकडलं.

मुलीनं घरी जाऊन आजीला विचारलं की, दुसऱ्यांदा वेगळं का सांगितलंस? आजी रागावली म्हणे. दोन्ही वेळा तेच सांगितलं, तुमचा मोबाइल बिघडला असेल.

पुढच्या महिन्यात कर्णाच्या जन्माची गोष्ट घेणार आहोत. मुलांना घरून विचारून यायला सांगितलं आहे, प्रत्येकानं कुणी सांगितली, त्या माणसाचं माहेर किंवा गाव कोणतं, आणि कुठल्या भाषेत सांगितली, एवढं वर लिहायचं. पोवारी आणि गोंडी घरांतून काय येतं याची मला उत्सुकता आहे. आपल्यापैकी कुणी असा उपक्रम केला असेल तर चौकटीचा कागद कसा आखला ते कळवा, आमचा फार मोठा झाला आणि फळ्यावर मावेना.